पहिल्या तासातलं तापमान

"तुमच्याकडे बरं, मुलं दगावत नाहीत," परवा फोनवर आई म्हणाली. दगावतात. इंग्लंडमधल्या ज्या नवजात अतिदक्षता विभागात मी परिचारिका आहे, तिथे मागच्याच आठवड्यात एका बाळाच्या तळव्यांचे ठसे कागदावर घेतले, आईबापांना द्यायला.

फरक आहे तो काय मोजतात यात. आपल्याकडे लोकांपुढे येतात ते फक्त मृत्यूंचे आकडे. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यांत १२ नवजात. खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं आणि टीव्हीवर तेच फिरत राहिलं. ती बाळं कुठून आणि कोणत्या अवस्थेत आली होती, यावर कितीशी चर्चा झाली? खासगीत हात टेकले की शेवटच्या घटकेला सरकारी दार असतंच. नुसते मृत्यू मोजले तर कुणालाच परत न पाठवणारं रुग्णालय सगळ्यात वाईट ठरणार.

इथे २००६पासून नवजात विभागांचं राष्ट्रीय ऑडिट होतं, विभागवार आकडे कुणालाही बघता येतात. फार लवकर जन्मलेल्या बाळाचं तापमान पहिल्या तासात ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस होतं का? डॉक्टरांच्या राऊंडला आईबाप हजर होते का? घरी जाताना आईचं दूध चालू होतं का? असली साधी मोजमापं. दोन वर्षांपूर्वी आमचा तापमानाचा आकडा घसरला. बाळाला न पुसता मानेपर्यंत पॉलिथिनच्या पिशवीत घालतो, टोपी चढवतो, तरी थंड पडत होतं. शोधलं तर ऑपरेशन थिएटरचा एसी! सर्जनला उकडायचं म्हणे. तो वाद महिनाभर चालला.

इथेही सगळं आलबेल नाही. परिचारिका कमी आहेत हे ऑडिटात छापून येतं आणि माझी ड्युटी तरी तशीच राहते.

आणि आईच्या दुधाबद्दल इंग्लंडने आपल्याला शिकवायची गरज नाही, दान केलेलं आईचं दूध साठवणारी आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. केंद्राच्या 'मुस्कान' कार्यक्रमात २०२१पासून नवजात कक्षांना गुण देतात. पण ते गुण कक्षाच्या दारावर का लावत नाहीत?

माझ्या बहिणीचं बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं. तिला दुपारी दहा मिनिटं आत सोडायचे. "अंग गार लागतंय, ताप किती आहे?" तिने विचारलं.

"नॉर्मल आहे, ताई. चला, वेळ झाली."