‘पाऊण तास नुसत्या बसून होत्या’ या तक्रारीबद्दल

नमस्कार मॅडम,

आम्ही तुमची गॅसची शेगडी साफ केली, त्यावरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की दोन तास सांगून साडेचार तास लावले, 1400 रुपये घेऊन बर्नर काळेच ठेवले, आणि ‘त्यातला पाऊण तास बायका गॅलरीत नुसत्या चहा पीत बसून होत्या’. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. आमच्या बायका दहाऐवजी साडेदहाला पोचल्या आणि उशीर होणार हा फोनही केला नाही, ते चुकलंच. जाताना दोन नॉबची अदलाबदल झाली, तेही आमचंच.

पण ते ‘बसून होत्या’ वाचल्यापासून मला राहवत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे साडेचार तास दहापासून धरलेत. साडेदहापर्यंत आम्ही तुमच्या घरात नव्हतोच. त्या अर्ध्या तासाची माफी वर मागितली आहे, तोच परत कामाच्या वेळेत मोजू नका. आल्यावर तुमचे पोहे चालू होते. पोह्यांबद्दल अजिबात तक्रार नाही, पण त्यानंतर शेगडीवरची काच निवायला वीस मिनिटं गेली. तापलेल्या काचेवर गार फडकं टाकलं तर टफन्ड ग्लाससुद्धा तडकू शकते, आणि मग तुम्ही दोनच्या जागी एकच स्टार दिला असता.

आता तो पाऊण तास. फोनवर तुम्ही ‘दोन बर्नरची साधी शेगडी आहे, रोज पुसतो’ म्हणाला होतात. प्रत्यक्षात चार बर्नरचा काचेचा हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, निघाला. मागच्या डाव्या बर्नरभोवती उतू गेलेल्या दुधाचं काळं कडं होतं आणि पुढच्या बाजूला फोडणीच्या तेलाचा तपकिरी थर. हे तेल आता तेल राहिलेलं नसतं. रोज उडतं, रोज तापतं, आणि जवसाचं तेल लाकडावर वाळून जसं व्हार्निशसारखं होतं तसंच इथे होतं. नखाने खरवडून बघा, चिकटत नाही, नखच घसरतं. ते जोर लावून निघत नाही, आधी भिजून मऊ व्हावं लागतं. आमच्या मावशींनी खायच्या सोड्याची दाट पेस्ट थापली, वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पसरलं, जाळ्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवल्या. मग पंधरा मिनिटं मागच्या टाइल्स पुसल्या, ज्याचे पैसे लावले नाहीत. मग बसल्या. हो, बसल्या. तेवढ्यात घासायला घेतलं असतं तर वाळक्या थरावर खरवडायचं पातं अडखळून काचेला ओरखडे पडले असते. भिजल्यावर तेच पातं ओल्या काचेवर जवळजवळ आडवं धरून सरकवलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो. तुम्ही तेव्हा हॉलमध्ये फोनवर होतात, नाहीतर बोलावून दाखवलं असतं.

आणि चहा त्यांचा होता. थर्मास घरून येतो. तुमच्याकडे त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

बर्नर काळे राहिले हे खरं आहे. वरच्या पितळी टोप्या चिंच-मिठाने उजळल्या, त्या तुमच्या फोटोत जरा बाजूला गेल्यात. खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तो याआधी कुणीतरी धुण्याच्या सोड्यात उकळलाय, आणि अ‍ॅल्युमिनियम त्याने काळं पडतं. तो मळ नाही, धातूच तसा झालाय. आम्हीही सोड्यात टाकून काम लवकर उरकू शकलो असतो, पण ते आणखी काळे पडू नयेत म्हणून फक्त साबणाच्या गरम पाण्यात ठेवले. त्यालाही वेळ गेला. हे मावशींनी निघताना नीट सांगायला हवं होतं.

काचेवरच्या बारीक गोल रेघांचं तुम्ही थेट लिहिलेलं नाही, पण फोटोत त्यावर बाण काढलाय. त्या तारेच्या घासणीच्या आहेत आणि काम सुरू करण्याआधी काढलेल्या आमच्या फोटोतही आहेत. तुम्हीच म्हणालात की आदल्या दिवशी रील बघून सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं आणि मग घासलं. यात तुम्हाला बोल नाही, आमच्याकडे निम्मी घरं हेच करून बोलावतात. पण दोन्ही एकत्र केलं की फसफसतं आणि एकमेकांना मारतं, फेस बसल्यावर उरतं ते मिठाच्या पाण्यासारखंच काहीतरी. रीलमध्ये फेस छान दिसतो एवढंच.

पैशांचं थोडक्यात: 900 दोन बर्नरचे होते, चारचे 1400. काम सुरू करण्याआधी सांगितलं होतं आणि साहेब हो म्हणाले होते.

आम्ही सहा जणी आहोत. दसरा ते दिवाळी एवढाच आमचा हंगाम, आणि तेव्हाच लोक स्टार बघून फोन करतात. कालपासून दोन बुकिंग रद्द झाली, कारण विचारलं नाही. ज्या मावशींबद्दल तुम्ही लिहिलंत त्या अकरा वर्षं हेच काम करतायत. त्यांना मी रिव्ह्यू वाचून दाखवला नाही, पण त्यांच्या मुलीने दाखवला.

यापुढे बुकिंगच्या वेळी शेगडीचा फोटो मागवायचा असं ठरवतोय, वेळही जरा वाढवूनच सांगू. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तेवढं ‘नुसत्या’ काढता आलं तर बघा.

तुमच्या उजव्या मागच्या बर्नरची ज्योत अजून एका बाजूला पिवळी येते, दोन भोकं बुजलेली आहेत. टूथपिक घालू नका, मोडून आत राहते. सोमवारी अकराला मावशी सुई घेऊन येतील, दहा मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. फक्त नाश्ता त्याआधी उरकून ठेवा.