सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका. सावध राहा." ही वाक्यं आता इतकी पाठ झालीत की ती ऐकूच येत नाहीत. 2024-25 मध्ये आपल्याकडे फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात सायबर फसवणुकीची सूचना वाजायची. सुरुवातीला लोकांनी ती ऐकली, मग वैतागले, आणि घाईच्या वेळी तर चक्क चिडायला लागले. सरकारची तळमळ खोटी होती असं मी म्हणत नाही. पण कानावर पडलं म्हणजे शिकवून झालं, हे काही मला पटत नाही.

या मोहिमांमागे एक गृहीतक असतं: माणूस फसतो कारण त्याला माहीत नसतं. मग डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवरच 'अटक' करून पैसे उकळतात त्या फसवणुकीत, डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी कसे सापडले? त्यांना सगळं माहीत होतं. फक्त व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस बसलेला असतो, मागे सरकारी बोधचिन्ह असतं, आणि तो दरडावत असतो, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही उचलू." अशा माणसाला "घाबरू नका" सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला "नाकात पाणी जाऊ देऊ नकोस" सांगण्यासारखं आहे.

ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी डिजिटल अरेस्टचा विषय काढला. त्यात थांबा-विचार करा-कृती करा ही त्रिसूत्री होती, ती ठीक. पण खरं कामाचं वाक्य दुसरंच होतं: कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. ही माहिती त्या भामट्याच्या गोष्टीचा पायाच काढून घेते. उपदेशापेक्षा अशी एक ठोस गोष्ट डोक्यात राहते.

दुसरं म्हणजे शिळे सल्ले. "पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की वेबसाइट सुरक्षित" हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या मध्ये कुणी तुमचं बोलणं वाचू शकत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर चोराशीच तुमची सुरक्षित बातचीत चालू! 2023 मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकलं. "शुद्धलेखनाच्या चुका बघा" हा सल्लाही आता मोडीत निघालाय, कारण एआय कुठल्याही भाषेत निर्दोष पत्र लिहून देतं. पासवर्डचं तेच. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला आणि ठरावीक दिवसांनी बदला, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरलं. तिचे लेखक बिल बर यांनी 2017 मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं, आणि संस्थेनेही त्याच वर्षी नियम बदलले. तरी कार्यालयांमधून तो जुना छळ अजून चालूच आहे. दिलेला सल्ला जाहीरपणे मागे घ्यायची सवय सरकारांना नाही.

पण माझा मुख्य राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एक सरकारी खातं सांगतं, एसएमएसमधली लिंक उघडू नका. दुसरं खातं एसएमएस पाठवतं: "आपली माहिती आजच अद्ययावत करा, अन्यथा सेवा बंद होईल." खाली आखूड केलेली लिंक. पाठवणारा कोण, तर सहा इंग्रजी अक्षरं. आता यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे नागरिकाने कशावरून ओळखायचं? धमकी तीच, घाई तीच, लिंकही तशीच. आपणच लोकांना क्लिक करायची सवय लावायची आणि मग क्लिक केलं म्हणून त्यांनाच निष्काळजी म्हणायचं.

सिंगापूरने हे ओळखलं. 2021 च्या अखेरीस तिथे एका बँकेच्या नावाने खोटे एसएमएस पाठवून शेकडो ग्राहकांना लुटलं गेलं. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये बँकांना ग्राहकांच्या एसएमएस-ईमेलमधून लिंका काढायला सांगितलं. जुलै 2024 पासून बहुतेक सरकारी खात्यांचे एसएमएस एकाच नावाने येऊ लागले. लोकांना शहाणं करत बसण्याऐवजी त्यांनी स्वतःचं वागणं बदललं. आपल्याकडेही हालचाल आहे. बँकांच्या सेवा-कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक, बँकांच्या वेबसाइटसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा राखीव पत्ता. या गोष्टी पोस्टरपेक्षा शंभरपट मोलाच्या आहेत आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

तसंच 1930 चं, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार करायच्या हेल्पलाइनचं. पैसे गेले की ते या बँक खात्यातून त्या बँक खात्यात भराभर फिरवले जातात. तासाभरात फोन झाला तर वाटेत अडवण्याची काही आशा असते. पण जाहिरातीत "लोभाला बळी पडू नका" असं डाफरलं की माणूस लाजेने गप्प बसतो. बायको-मुलांपासून लपवतो, तर पोलिसांना काय सांगणार? ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून फसवून पाठवायला लावलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत बँकांनीच भरून द्यायचे असा नियम आहे. झळ स्वतःला बसायला लागली की बँकांनाही संशयास्पद व्यवहार अडवण्याची घाई होते.

तेव्हा पुढच्या जनजागृती सप्ताहात बॅनर छापायच्या आधी प्रत्येक खात्याने आपण वर्षभरात पाठवलेले एसएमएस काढावेत, आणि खऱ्या-खोट्याची सरमिसळ करून आपल्याच कर्मचाऱ्यांना ओळखायला द्यावेत. निकाल मात्र जाहीर करा.