खातं ॲपमध्ये उघडतं, पण असतं कुठे?

रविवारी कट्ट्यावर वाद पेटला तो एका वाक्यावरून : "ॲपवाल्याला खातं उघडायचा अधिकारच नसतो." हे म्हणणारा संदीप बँकेच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागात आहे. समोर मंजिरी. पेमेंटच्या किंवा गुंतवणुकीच्या ॲपमधून बँकेचं खातं उघडायची सोय करून देणं हेच तिचं रोजचं काम. जोशीकाका शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मुद्दे कामाचे निघाले, म्हणून लिहून काढतोय.

"अधिकार नसतो हे मलाही माहीत आहे," मंजिरी म्हणाली. "२०२१ मध्ये गूगल पेवर इक्विटास स्मॉल फायनान्स बँकेची एफडी मिळायला लागली, तीही बचत खातं न काढता. पैसे बँकेकडे, पावती बँकेची. ॲपने फक्त माणूस जिथे होता तिथे बँक आणून ठेवली. यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही," संदीप म्हणाला. "पण कुठली कामं बाहेर देता येत नाहीत ते विसरू नकोस. केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, नियमात बसते की नाही हा निर्णय बँकेनेच घ्यायचा, हे रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या आउटसोर्सिंगच्या नियमांपासून ठरलेलं आहे. ॲपने माहिती गोळा करावी. हो की नाही ते बँक सांगणार. आधारचं तर आणखी कडक. २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर खासगी कंपन्यांची आधारवरून ओळख पटवायची वाट बंद झाली, २०१९ च्या कायदादुरुस्तीने बँकांना ती मिळाली. म्हणून आधार नंबर टाकायचं पान बँकेचंच हवं."

काका म्हणाले, "अगं, आधी क्रम तरी सांग. आमच्या वेळी फॉर्म, दोन फोटो आणि ओळख देणाऱ्याची सही, एवढं होतं."

मंजिरीने क्रम सांगितला. मोबाइलवर ओटीपी आणि संमती. मग पॅन : नाव, जन्मतारीख जुळते का, पॅन चालू आहे का, आधारशी जोडलंय का. मग आधारचा ओटीपी. त्यातून नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो डिजिटल सहीसह बँकेकडे येतात. त्यानंतर बँक आपल्याच नोंदींत शोधते, हा माणूस आधीपासून ग्राहक आहे का. मग वारसाचं नाव, करविषयक घोषणापत्र, आणि शेवटी बँकेच्या मुख्य प्रणालीत ग्राहक क्रमांक आणि खाते क्रमांक तयार होतात.

"आणि अडतं कुठे?"

"नावात. पॅनवर 'कुलकर्णी अनघा सुरेश', आधारवर नुसतं 'अनघा कुलकर्णी', किंवा लग्नानंतरचं आडनाव एकाच कागदावर बदललेलं. मशीन दोन नावं किती जुळतात त्याचे गुण देतं. मर्यादा कडक ठेवली तर खऱ्या माणसांना नकार, सैल ठेवली तर भलताच आत. ज्याचं अडलंय त्याने पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, आधी एक कागद दुरुस्त करून घ्यावा. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ही वाट मुळातच बंद."

दुसरी अडचण तिने बारकाईने सांगितली. बँकेचं पान ॲपच्या पोटात उघडतं. त्या पानाला कॅमेरा किंवा लोकेशन हवं असेल तर परवानगी बाहेरच्या ॲपकडेही असावी लागते. ती नसली की पडदा नुसता पांढरा. त्यात माणूस ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो, परत येईपर्यंत जुन्या फोनने ते पान मेमरीतून काढून टाकलेलं असतं, आणि सगळं पहिल्यापासून. "म्हणून प्रत्येक टप्पा सर्व्हरवर जपायचा आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक पहिल्याच पडद्यावर तयार करायचा. खातं तयार झालं पण उत्तर वेळेत आलं नाही, असं होतं. तेव्हा नव्या संदर्भ क्रमांकाने परत मागणी गेली की एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक. त्याच क्रमांकाने गेली तर बँक आधीचंच उत्तर परत देते."

इथवर दोघांचं जमलं. बिनसलं ते मर्यादांवर.

"नुसत्या आधार ओटीपीवर, समोरासमोर न येता उघडलेलं खातं पूर्ण खातं नसतंच," संदीप म्हणाला. "बँकेतल्या अशा सगळ्या ठेव खात्यांत मिळून शिल्लक १ लाखाच्या वर जाता कामा नये. आर्थिक वर्षात जमा २ लाखांपर्यंतच. असं दुसरं खातं दुसरीकडे काढायचं नाही. आणि वर्षभरात व्हिडिओ केवायसी किंवा प्रत्यक्ष ओळख पटवली नाही, तर ते ठेव खातं बंद करायचं. तुमच्या ॲपवर हे कुठे लिहिलेलं असतं? अटींच्या चौदाव्या ओळीत! पगार वळवला की चार-पाच महिन्यांत २ लाख होतात, मग जमा अडकते आणि माणूस ॲपला शिव्या घालतो."

"मग व्हिडिओ लगेच करून घ्यावा, एवढंच."

"लगेच होत नाही ना. व्हिडिओवर बँकेचाच प्रशिक्षित अधिकारी लागतो, कॉल बँकेच्याच डोमेनवरून (तिच्या स्वतःच्या नेटवर्कवरून), ग्राहक भारतात असल्याचं लोकेशन, मूळ पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर, दर वेळी वेगळे प्रश्न. त्यानंतर त्या कॉलचं ऑडिट, म्हणजे तपासणी, झाल्याशिवाय खातं चालू होत नाही. कॉल तुटला तर नवा कॉल."

काकांनी मध्येच विचारलं, "डोळे मिचकावा म्हणतात ते? ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं?" रास्त प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच ऐकून केवायसी अपंगांना आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. माणूस जिवंत समोर आहे हे ओळखायला डोळे मिचकावण्यापलीकडेही मार्ग आहेत.

माझं मत संदीपच्या बाजूचं आहे. ओटीपीवरचं खातं उघडताना "१ लाख, २ लाख, १ वर्ष" हे तीन आकडे आणि बँकेचं नाव पहिल्या पडद्यावर ठळक हवं. मंजिरीचं म्हणणं, प्रत्येक जादा ओळीला माणसं गळतात. गळू देत. ज्याला हे वाचून नको वाटलं, त्याला पुढच्या वर्षी खातं बंद झाल्यावर अधिक नको वाटेल.

"पण ॲपच बुडालं तर?" काकांचा खरा प्रश्न हा होता.

संदीपने अमेरिकेतल्या सिनॅप्सचं उदाहरण दिलं. ही कंपनी ॲप आणि बँकांच्या मध्ये होती. बँकेत अनेकांचे पैसे एकत्र खात्यात, आणि कोणाचे किती याचा हिशेब बराचसा सिनॅप्सकडे. एप्रिल २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले आणि हिशेबात सुमारे साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरची तूट निघाली. ठेव विमा बँक बुडाली तर असतो. इथे बँका शाबूत होत्या.

"आपल्याकडे खातं बँकेच्या पुस्तकात तुझ्याच नावावर असतं," मंजिरी म्हणाली, "ॲप गेलं तरी ते राहतं."

"असतं, पण तपासून घ्यायचं," संदीप म्हणाला. खाते क्रमांक, आयएफएससी आणि ग्राहक क्रमांक लिहून ठेवायचा. ॲप बाजूला ठेवून बँकेच्या स्वतःच्या नेटबँकिंगमध्ये शिरता येतं का पाहायचं. एफडी असेल तर पावतीवर बँकेचं नाव आणि मुदतीनंतर पैसे कुठल्या खात्यात येणार ते बघायचं. बहुधा ज्यातून भरले त्यातच, म्हणून ते खातं मध्येच बंद करू नये. विमा ५ लाखांचा, व्याज धरून, आणि तो माणूस व बँक धरून मोजतात. त्याच बँकेच्या शाखेत आधीच ५ लाख असतील तर ॲपवरच्या एफडीला वेगळं छत्र नाही. वॉलेटमधली शिल्लक तर त्यात येतच नाही.

"आणि यूपीआयने पैसे गेले, एफडी झालीच नाही, तर?"

यावर दोघं एकदम बोलले : यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक घेऊन लेखी तक्रार बँकेकडे करायची, नुसती ॲपच्या चॅटवर नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे पहिला प्रश्न हाच असतो, की बँकेकडे तक्रार कधी केली.