काळा कोट असला तरी झडती हवीच

शस्त्र परवाना असलेल्यांनाही न्यायालयाच्या आवारात शस्त्रबंदी करा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण २४ सप्टेंबर २०२१ ला दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात गुंड जितेंद्र गोगीवर गोळ्या झाडणारे दोघे वकिलाच्या वेशात आत शिरले होते. म्हणून वकील, कर्मचारी, पक्षकार सगळे एकाच मेटल डिटेक्टरमधून गेले पाहिजेत. तो वाजला की हातातल्या यंत्राने पुन्हा तपासणी व्हायलाच हवी. सकाळच्या गर्दीत नेमकी तीच राहून जाते.

शस्त्र जमा करायची खोली फाटकाबाहेर हवी, आत भिंतीशी वाळूचं पिंप. शस्त्र रिकामं करताना नळी वाळूकडे, म्हणजे चुकून गोळी सुटली तरी ती वाळूत अडकेल; बोट ट्रिगरपासून लांब. पिस्तुलाची मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आधी काढायची, मगच स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का ते डोळ्यांनी बघायचं. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये शिरते, मग मॅगझिन काढली तरी हत्यार भरलेलंच राहतं. हे फाटकावरच्या प्रत्येक शिपायाला शिकवलंच पाहिजे! शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात. पावतीवर परवाना क्रमांक, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या. साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल तर त्याला पोलीस संरक्षण द्या, पण त्याचं पिस्तूल बाहेरच राहू द्या.