काळी जमीन आणि एक टक्क्याचा हट्ट

इंदूरजवळच्या सांवेरलगतच्या आमच्या शेताचा माती परीक्षण अहवाल गेल्या आठवड्यात आला आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून आणि शेणातून मातीत आलेला कार्बन) ०.४६ टक्के, म्हणजे 'कमी' या रकान्यात निघाला. इतकी काळीभोर जमीन असून कर्ब कमी कसा, हे काकांना पटेना. माळव्याच्या मातीचा काळेपणा भरपूर कर्बाचा पुरावा नाही. थोडासाच ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला सेंद्रिय पदार्थ, स्मेक्टाइट गटातल्या चिकण खनिजांना घट्ट धरून बसतो आणि तेवढ्यानेही माती काळी दिसते.

हीच चिकणमाती कर्ब सांभाळणारी खरी तिजोरी आहे. तिच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटलेला कर्ब जिवाणूंच्या हाती सहजी लागत नाही, म्हणून आपल्या जमिनीची साठवणक्षमता नदीकाठच्या रेताड जमिनीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मात्र क्षमता असणे वेगळे आणि साठा असणे वेगळे. आपल्याकडचा उन्हाळा, वारंवार होणारी नांगरट आणि गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले काड, पेटवण्याची सवय यांपुढे ती तिजोरी भरत नाही.

म्हणूनच 'प्रत्येक शेताचा कर्ब एक टक्क्यावर न्या' हा सरसकट उपदेश मला खटकतो. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २० लाख किलो धरला, तर ०.४६ वरून १ वर जायला जवळपास ११ टन कर्ब मातीत टिकून राहावा लागेल, आणि घातलेल्या शेणखतातला बराचसा कर्ब तर हवेतच जातो. शिवाय ह्यूमसमध्ये दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असते, म्हणजे सुमारे एक टन नत्रही हवे. गव्हाच्या काडात हेच प्रमाण ऐंशीला एक असल्याने नुसते काड गाडून हा हिशेब जुळत नाही.

काड आणि शेण एकत्र कुजवण्याची 'इंदूर पद्धत' आपल्या इंदूर शहरातच, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ दरम्यान आकाराला आली. तिच्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड सर्वांना ठाऊक असतात, वाड मात्र आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींनाही आठवत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

पुढच्या पाच-सहा वर्षांत ०.६ पर्यंत पोचायचे, असे काका आणि मी ठरवले आहे. यंदा नरवाई पेटवली नाही, आणि पुढचे नमुने त्याच जागेवरून, त्याच खोलीवरून, त्याच महिन्यात घेणार आहोत.