माझ्या हिरड्यांचा पाढा

माझ्या उजवीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेमागे हिरडीत पाच मिलिमीटर खोल फट आहे. परवा संध्याकाळी सहापर्यंत ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नव्हती, मलासुद्धा नाही. सव्वासहाला ती मला, डॉक्टरांना, त्यांच्या मदतनीस मुलीला आणि एका अनोळखी आजोबांना एकदमच कळली. पैकी आजोबांनी माझं अभिनंदन केलं.

दात साफ करून घ्यायला, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्केलिंगला गेलो होतो, एवढंच. बरेच दिवस ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यावर मी शहाणा माणूस करतो तेच केलं, म्हणजे जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावणं बंद केलं. आता कळतं की हे अगदी उलटं होतं. दातांच्या मुळाशी जंतूंचा मऊ थर साचतो म्हणून हिरडी सुजते, सुजते म्हणून रक्त येतं, आणि रक्ताला घाबरून आपण तो थर तिथेच सुखात नांदू देतो. लाळेतल्या कॅल्शियमने तो काही दिवसांत दगडासारखा होतो. त्याचं कीटण झालं की मग ब्रशने कितीही घासा, ढिम्म हलत नाही.

"शेवटचं स्केलिंग कधी केलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं असेल वर्षभर," मी म्हणालो.

त्यांनी छोटा आरसा तोंडात घालून खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू पाहिली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात, त्यामुळे कीटणाचा सगळ्यात जाड थर तिथे असतो. म्हणजे माझी सगळी वर्षं तिथे थरावर थर मांडून ठेवलेली होती आणि मी त्यांच्यापुढे एक वर्ष सांगत होतो.

खोलीत खुर्च्या दोन. मध्ये एक पार्टिशन, खांद्याएवढंच. पलीकडच्या खुर्चीत चौदाएक वर्षांची मुलगी मोबाइल बघत पडली होती आणि तिच्याबरोबर आलेले आजोबा स्टुलावर. स्टूल तिच्या बाजूला होतं. आजोबांची हनुवटी माझ्या बाजूला होती.

आता हिरड्या मोजणं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याशिवाय माझी बेअब्रू नीट समजणार नाही. खुणा केलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई असते. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद उतरवतात आणि किती खोल गेली ते वाचतात. एका दाताला सहा जागी. अक्कलदाढा जाऊन माझे अठ्ठावीस उरलेत, म्हणजे 168 आकडे. तीनपर्यंत ठीक, चारपासून काळजी. हे स्पष्टीकरण डॉक्टरांनी माझ्या कानाशी, अगदी हळू आवाजात दिलं. आकडे मात्र खणखणीत आवाजात, कारण मदतनीस मुलगी लांब कॉम्प्युटरवर ते टिपत होती.

"तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन."

"कमी पडतायत," पार्टिशनवरून आवाज आला.

"तीन, तीन, चार."

"हां, आता कसं!"

मी डोळे तिरपे केले. आजोबा माझ्याकडे बघत होते. निकाल लागताना पालक बघतात तसे.

"चार, चार, पाच."

"वा! अहो साहेब, पाच!"

मी "आँ" म्हणालो. त्या 'आँ'चा अर्थ 'पाच म्हणजे वाईट, आणि तुम्ही कृपा करून खाली बसा' असा होता. आजोबांनी तो 'आपला आशीर्वाद' असा घेतला. "मेहनत आहे हो," ते म्हणाले. मग मदतनीस मुलीला, "कितीपैकी असतात गं?"

ती मास्कमध्ये हसली. हेही एक लक्षात घ्या. त्या खोलीत डॉक्टरांना मास्क, मदतनीस मुलीला मास्क. तोंड वासून पडलेला मी एकटाच.

"इथे रक्तस्राव," डॉक्टर म्हणाल्या.

"मेहनतीनं होतं थोडं," आजोबांनी मला धीर दिला.

'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हण ज्याने काढली तो कधी या खुर्चीत बसला नसावा. तोंड उघडं ठेवून खाल्लेला मार जास्त लागतो.

मग कीटण काढायचं यंत्र सुरू झालं. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी उडत असतं. त्यातलं निम्मं पाणी सक्शनची नळी ओढते, उरलेलं माझ्या कानामागे जातं. त्या शिट्टीच्या वर आवाज चढवून आजोबा सांगू लागले, "यानं दात हलतात हं! आमच्या ओळखीतल्या एकांनी केलं, महिन्याभरात दोन दात हातात!"

याचं उत्तर मला येत होतं. अहो, त्यांचं दाताखालचं हाड आधीच झिजलेलं असणार, कीटणाच्या टेकूवर दात कसेबसे उभे होते, टेकू काढला म्हणून कळलं. एवढं मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आँ, आँआँ."

"बघा, यांनाही पटतंय," आजोबा नातीला म्हणाले.

त्या खुर्चीत डोळे मिटून पडलो असताना मला लेव्हेनहूक आठवला. त्या डच गृहस्थाने 1683 साली आपल्या दातांवरचा थर खरवडून घरी केलेल्या भिंगाखाली धरला, आत वळवळणारे जीव पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. दातांतल्या जंतूंची ती पहिली ओळख. स्वतःबद्दल त्याने आवर्जून लिहिलं की मी रोज मिठाने दात घासतो. मग त्याला एक म्हातारा भेटला, ज्याने जन्मात तोंड साफ केलं नव्हतं. त्याच्या तोंडात तर जंतूंची जत्राच. विज्ञानाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट, मान्य. पण मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटतं. साडेतीनशे वर्षं होत आली, त्याचं तोंड अजून चर्चेत आहे.

आणि माझं म्हणणं तरी काय आहे? रक्ताचा रिपोर्ट बंद पाकिटात देतात. मग हिरड्यांनीच काय पाप केलंय की त्यांचा पाढा मोठ्यांदा वाचावा? तशी माझी तक्रार हिरड्यांवरही आहे. दाताला टाचणीएवढं भोक पडलं तर तो रात्री घर डोक्यावर घेतो. हिरडी आत हाड विरघळू देते आणि हूं की चूं करत नाही. जरा आधी दुखली असती तर मी आधी गेलो असतो. (नसतो गेलो. पण म्हणायला जागा राहिली असती.)

माझं आटोपलं. पाच आकड्याच्या जागी आणखी एकदा खोलवर साफ करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, हेही मोठ्यांदा. मी बेसिनवर वाकून चूळ भरत होतो तेव्हा त्या पलीकडे गेल्या आणि नातीचं मोजमाप सुरू झालं.

"दोन, एक, दोन. एक, एक, दोन."

पलीकडे शांतता. मग आजोबांचा पडलेला आवाज, "सगळीकडे एक-दोनच? नीट बघा ना डॉक्टर, एखादा तरी पाच असेल."

"आजोबा," नात म्हणाली, "कमी असले की चांगलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक चांगला. पाच वाईट."

हनुवटी सावकाश पार्टिशनवर आली. मी गुलाबी पाणी थुंकत होतो. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बेसिनकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून नातीला विचारलं, "मग यांचं काय?" तो खालचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

मी मान खाली घालून निघालो. जीभ सारखी खालच्या दातांमागे जात होती. जिथे इतकी वर्षं सपाट भिंत होती तिथे आता खाचा लागत होत्या, एकेक दात वेगळा, धारदार, कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा. श्वास आत घेतला की थंडगार कळ जात होती. रिसेप्शनवरच्या मुलीने तीन महिन्यांनंतरची तारीख दिली, परत मोजायला. मी तिला हळूच विचारलं की त्या आजोबांच्या नातीची पुढची तारीख कधीची आहे. ती म्हणाली, असं दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही.

"साहेब!" आतून हाक आली. बाकावरची सगळी डोकी वर झाली. "पुढच्या वेळी दोनच्या आत आणा हं!"