इंजिन उतरवलेच आहे, तर बाकी कशाला हात लावू नये

सोलापुरात मे महिना उजाडतो तेव्हा साखर कारखान्यांचे गाळप केव्हाच आटोपलेले असते, हंगामभर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाऱ्यावर राबलेला स्किड स्टीअर हा छोटा लोडर अक्कलकोट रस्त्यावरच्या एखाद्या शेडमध्ये मागचे दार उघडे टाकून उभा असतो, आणि पाऱ्याने चाळिशी ओलांडलेल्या त्या उकाड्यात त्याचे इंजिन चेन ब्लॉकच्या साखळी-कप्पीला लटकत असते. अशा प्रसंगी आपल्यासारख्या जाणत्या मालकाने एकच व्रत पाळावे. ज्या कामासाठी इंजिन उतरवले तेवढेच करावे आणि इंजिन आल्या वाटेने आत ढकलावे. रिकाम्या झालेल्या त्या पोकळीत बॅटरी लावून डोकावू नये, कारण डोकावले की दिसते आणि दिसले की खर्च होतो.

हे यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी आपल्याकडे त्याला बहुधा बॉबकॅटच म्हणतात. त्याचा मूळपुरुष १९५७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे या गावी केलर बंधूंनी घडवला, तो टर्की पक्ष्यांच्या शेडमधली घाण काढण्यासाठी. खांबाखांबांतून जागच्या जागी वळता यावे म्हणून तो लहान करावा लागला, आणि तो वारसा आजही असा चालतो की इंजिन, पंप, नळ्या आणि टाक्या आषाढीच्या पंढरपूर गाडीतल्या माणसांसारख्या एकमेकांना खेटून बसलेल्या असतात. एरवी जिथे बोटही पोहोचत नाही, तिथे इंजिन बाहेर असताना अख्खा माणूस बसू शकतो. नेमकी हीच संधी हुकवायची आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रस्तुत लेखकाने हे व्रत मनोभावे पाळलेले आहे. हायड्रोलिक पंपाची गळती काढण्यासाठी इंजिन उतरवले होते. तेव्हा मिस्त्री म्हणाला, “मालक, फ्लायव्हील हाताशीच हाय, क्रँकचं मागचं सील बी टाकून घिऊ का?” इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकापाशी, म्हणजे फ्लायव्हीलपाशी, तेल अडवणारे हे सील त्या दिवशी थेंबभरही गळत नव्हते. उष्णतेने त्याचे रबर कडक झाले होते एवढेच. पण कडक भाकरी चवीने खाणाऱ्या गावात कडकपणाला दोष कोण मानणार? सीलची किंमत चहा-नाष्ट्याच्या हिशेबात बसणारी होती आणि ते बदलायला इंजिन उतरवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता, म्हणजे त्या क्षणी ते काम जवळजवळ फुकटच होते. फुकटच्या मोहाला बळी पडायचे नाही, असे लेखकाने ठरवले. पंप आणि फ्लायव्हील यांच्यामधल्या कपलिंगचे झिजलेले दाते आणि तेलाने फुगलेली इंजिन माउंटिंगची रबरेही त्याच निर्धाराने जशीच्या तशी ठेवली.

इंजिनाखालच्या तळाविषयी तर विशेष काळजी घ्यावी. तिथे बगॅसचा भुसा, धूळ आणि गळालेले डिझेल-तेल यांचा वर्षानुवर्षांचा लगदा साचलेला असतो. तो खरवडून, तळ धुऊन कोरडा केला तर नवी गळती कुठून येते ते लगेच कळते आणि नसता मनस्ताप होतो. लगदा तसाच राहिला, तर तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर उत्तम सरपण तयार राहते. आग लागलीच, तर बगॅसच्या ढिगाऱ्यापर्यंत ती पोहोचवायला यंत्राला स्वतःची चाके आहेतच.

सोडलेल्या होज पाइपांची तोंडे बंद करण्यासाठी झाकणे विकत आणू नयेत. टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात चिंध्यांना काय तोटा? एकेक चिंधी कोंबावी. टेरी टॉवेलचे सुटे तंतू आत राहतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पंपाच्या आतली फट तर काही मायक्रॉनांची, त्यामुळे कोणी कोणाला अडवले याचा साक्षीदार मागे उरत नाही. कोणता पाइप कुठला, याची खूण करणे किंवा मोबाइलवर फोटो काढणे हा मिस्त्रीच्या स्मरणशक्तीचा अपमान होय. तो आठवड्याच्या सुट्टीवर गावी निघालेला असला तरीही.

रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्यामधल्या फटीत भुशाची जी गादी बसते, तिला सोलापुरी चादरीचा मान द्यावा आणि हलवू नये. यंत्र तापू लागले की थर्मोस्टॅट काढून फेकावा आणि कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी भरावे. उजनी धरणाच्या पाण्याची पाळी काही दिवसांनी येते, ते यंत्राला कशाला? वॉटर पंप, पट्टे, डिझेलच्या तडकलेल्या नळ्या, पत्र्यावर घासून उघडी पडलेली वायरिंग आणि सेल्फ यांच्याबद्दल वेगळे सांगायला नको. त्यांना भर हंगामात बिघडण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. बाजूच्या चेन केसमधल्या, म्हणजे चाके फिरवणाऱ्या साखळ्यांच्या पेटीतल्या, तेलाची पातळी पाहण्याचे कारणच नाही. ती आपोआप वाढलेली दिसली, तर हायड्रोलिक मोटरचे सील फाटून तिकडचे तेल इकडे आले असे न म्हणता बरकत आली असे म्हणावे.

इंजिन परत बसवताना पंपाच्या पोटात आधी तेल भरण्याचा सोपस्कार टाळून थेट सेल्फ मारावा. कोरडा पंप जो किंचाळतो, त्याला शुभशकुन समजावे. मग गळती पाहण्यासाठी पुठ्ठा फिरवण्याऐवजी उघडा तळहात फिरवावा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली दाबाची धार कातडीखाली तेल घुसवते, आणि शल्यविशारदाने तातडीने हात उघडला नाही तर बोट गमावण्याची पाळी येते. परंतु पुठ्ठ्याचा तुकडा मात्र वाचतो.

लेखकाच्या त्या सीलने दिवाळीपर्यंत दम धरला. बॉयलर पेटले, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि फ्लायव्हीलच्या घरातून तेलाची धार सुरू झाली. तोच चेन ब्लॉक आला, तोच मिस्त्री आला, मजुरी मात्र हंगामाच्या दराने आली. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे : माउंटिंगचे बोल्ट मागच्या वेळी आम्ही हाताच्या अंदाजानेच आवळले होते आणि त्यातले दोन वाटेत गळून पडले होते, त्यामुळे दुसऱ्यांदा इंजिन उतरवायला निम्माच वेळ लागला.